निवाड्यापूर्वीचे वाचन : इस्लामी साम्राज्यांच्या इतिहासाचे अध्यापन आणि वर्गातील उपक्रम

१

पाठ्यपुस्तकातील 'उपक्रम' हा मजकूर समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. प्रकरणाच्या कडेला चौकटीत छापलेल्या त्या दोन-तीन ओळी अध्यापनाची सोय म्हणून पाहिल्या जातात आणि परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून बहुधा ओलांडल्या जातात. तथापि, धडा भूतकाळाविषयी काय घडले ते सांगतो, तर उपक्रम त्या भूतकाळाशी विद्यार्थ्याने कोणते नाते जोडावे ते सुचवितो. कल्पना करा, तुलना करा, बाजू मांडा, निवड करा, ह्या आज्ञार्थी क्रियापदांतून वाचनाची एक दृष्टीच विद्यार्थ्याच्या हाती दिली जात असते. त्या अर्थाने उपक्रम हे लघुरूपातील समीक्षाशास्त्रच होय.

इस्लामी साम्राज्यांच्या इतिहासाच्या संदर्भात ह्या क्रियापदांची निवड विशेष महत्त्वाची ठरते. भारतीय वर्गात हा इतिहास कधीच केवळ परक्या भूमीचा वा सरलेल्या काळाचा राहत नाही. विद्यार्थी वर्गात येतो तो घरातून, चित्रपटांतून, कादंबऱ्यांतून आणि सभांतून मिळालेला निवाडा सोबत घेऊन. अशा वेळी उपक्रम जर पुन्हा निवाडाच मागत असेल, तर तो शिकविण्याचे नव्हे, आधीचेच पक्के करण्याचे काम करतो. निवाडा काही काळ स्थगित ठेवून संहिता कोणत्या भाषेत, कोणत्या वाङ्मयप्रकारात आणि कोणासाठी सिद्ध झाली हे विचारणारा उपक्रम मात्र ह्या इतिहासाला त्याची गुंतागुंत परत मिळवून देऊ शकतो. हे प्रश्न मुळात तौलनिक साहित्याभ्यासाचे आहेत. म्हणूनच इतिहासाच्या वर्गात काय चालते, ह्याविषयी ह्या ज्ञानशाखेने उदासीन राहणे योग्य नव्हे.

२

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेली उच्च माध्यमिक इतिहासाची पाठ्यपुस्तके ह्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मानावी लागतात. अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात (२००६) इ. स. ६०० ते १२०० ह्या काळातील मध्यवर्ती इस्लामी प्रदेशांवर एक स्वतंत्र प्रकरण होते. बारावीच्या भारतीय इतिहासाच्या पुस्तकात मोगल दरबार आणि तेथील इतिवृत्ते ह्यांवर प्रकरण होते. ह्या दुसऱ्या प्रकरणाची मांडणी राजांच्या क्रमाने नव्हे, तर ग्रंथनिर्मितीच्या प्रक्रियेभोवती केलेली होती. हस्तलिखित कसे तयार होते, सुलेखनकार आणि चित्रकार ह्यांचे स्थान काय, बादशहाची प्रतिमा शब्दांत आणि रंगांत कशी रचली जाते, असे प्रश्न त्यात केंद्रस्थानी होते. इतिहास हा आधी एक ग्रंथ असतो, ही जाणीव त्या मांडणीने सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यापर्यंत नेली.

२०२२ साली जाहीर झालेल्या अभ्यासक्रम-कपातीत ही दोन्ही प्रकरणे वगळण्यात आली. त्यावर जो वाद झाला तो मुख्यतः आशयाविषयी, म्हणजे कोणते राजवंश राहिले आणि कोणते गेले ह्याविषयी झाला. ह्या वादात वाचनाच्या एका पद्धतीची हानी दुर्लक्षित राहिली. राजांची नावे अन्य मार्गांनी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतातच. बादशहाचा इतिहास कोणीतरी, कोणत्यातरी भाषेत, कोणाच्यातरी आज्ञेने लिहिलेला असतो, हे भान मात्र आपोआप पोहोचत नाही.

असे असले तरी ह्या पुस्तकांतील उपक्रम निर्दोष होते असे म्हणता येत नाही. अकरावीच्या प्रकरणातील एक उपक्रम बसरा नगरातील सकाळचे वर्णन करावयास सांगतो. दुसरा, बगदादच्या अब्द अल-लतीफ ह्या विद्वानाने आदर्श विद्यार्थ्याला केलेला उपदेश समोर ठेवून तो आजच्या विद्यार्थ्याला कितपत लागू पडतो, असे विचारतो. ह्यांपैकी दुसऱ्या उपक्रमात संहिता आहे, म्हणून त्यात विद्यार्थ्याला धरावयास काहीतरी आहे. पहिल्यात केवळ कल्पना आहे. ज्या विद्यार्थ्याने बसऱ्याविषयी एकही समकालीन ओळ वाचलेली नाही, तो त्या सकाळी काय पाहणार? उंट, खजुराची झाडे, मशिदीचा मनोरा आणि बाजारातील गलका ही चित्रपटांनी आणि सचित्र पुस्तकांनी पुरविलेली सामग्रीच तो परत करील. कल्पनेला मोकळे सोडण्याच्या हेतूने दिलेला उपक्रम अशा रीतीने तयार प्रतिमांचा संग्रह ठरतो.

३

प्रचलित उपक्रमांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : कल्पनाचित्रण, तुलनात्मक तक्ता आणि भूमिकाभिनय किंवा वादविवाद. पहिल्याची मर्यादा वर आलीच आहे.

तुलनात्मक तक्त्यात उस्मानी, सफवी आणि मोगल ही तीन साम्राज्ये तीन स्तंभांत मांडली जातात. राजधानी, लष्कर, धर्मपंथ, करव्यवस्था, वास्तुकला अशा आडव्या ओळी आखल्या जातात आणि विद्यार्थी रकाने भरतात. मार्शल हॉजसन ह्यांच्या 'द व्हेंचर ऑफ इस्लाम' ह्या त्रिखंडात्मक ग्रंथाने (१९७४) दारूगोळ्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या साम्राज्यांची जी संकल्पना रूढ केली, तिचे हे शालेय रूप आहे. परंतु त्याच हॉजसन ह्यांनी 'इस्लामी' आणि 'इस्लामिकेट' असा भेद केला होता, हे तक्ता विसरतो. धर्माशी थेट संबंधित ते इस्लामी. मुसलमानांच्या राजकीय वर्चस्वाखालील समाजांत घडलेला, बिगरमुसलमानांचाही वाटा असलेला व्यापक संस्कृतिव्यूह तो इस्लामिकेट. हा भेद रकान्यात बसत नाही, कारण रकाना एका वेळी एकच उत्तर मागतो.

भूमिकाभिनयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'सुलतान सहिष्णु होता की असहिष्णु' अशा विषयावर वर्गाचे दोन गट पाडले जातात. विद्यार्थ्यांचा उत्साह वाढतो, वर्ग जिवंत वाटतो. परंतु ज्या वर्गात एक-दोन मुसलमान विद्यार्थी आहेत, तेथे सुलतानाची बाजू कोणी मांडावी ह्याचे उत्तर न सांगताच ठरलेले असते. सोळाव्या वा सतराव्या शतकातील एका राज्यकर्त्याचा जबाब एकविसाव्या शतकातील एका मुलाकडून वा मुलीकडून घेतला जातो, आणि हे कोणाच्या वाईट हेतूविना घडते. उपक्रमाच्या रचनेतच प्रतिनिधित्वाची सक्ती दडलेली आहे. इतिहासाच्या अध्यापनातील ही सर्वांत गंभीर हानी म्हटली पाहिजे, कारण ती गुणपत्रिकेत दिसत नाही.

४

ह्या तिन्ही उपक्रमांना सरसकट नाकारण्याचे कारण नाही. त्यांना संहितेचा पाया दिला तर त्यांचे स्वरूप पालटते. प्रथम बसऱ्याचेच उदाहरण घेता येईल.

बसरा ही अरबी गद्याची जन्मभूमी म्हणता येईल अशा नगरांपैकी एक. नवव्या शतकात तेथील अल-जाहिझ ह्याने 'किताब अल-बुखला' हा कंजूष माणसांवरील ग्रंथ लिहिला. त्यात मशिदीत जमून काटकसरीच्या युक्त्यांची गंभीरपणे देवघेव करणारी बसऱ्याची मंडळी भेटतात. काटकसरीला त्यांनी जणू एका विद्याशाखेचा दर्जा दिला आहे आणि जाहिझ त्यांचे युक्तिवाद शास्त्रार्थाच्या थाटात मांडतो. पुढे सुमारे अडीच शतकांनी बसऱ्याच्याच अल-हरीरीने (१०५४–११२२) आपल्या पन्नास मकामांचा शेवट ह्याच नगरात केला. पन्नासाव्या मकामेत अबू झैद हा वाक्पटू भामटा बसऱ्याच्या मशिदीत उभा राहतो, नगराची स्तुती करतो, आपल्या पापांची कबुली देतो आणि श्रोत्यांना आपल्यासाठी प्रार्थना करावयास सांगतो. एकोणपन्नास वेळा शब्दांच्या बळावर लोकांना फसविलेल्या माणसाचा हा पश्चात्ताप खरा की आणखी एक सोंग, हा प्रश्न वाचकाला पडावा अशीच त्याची रचना आहे.

ह्या दोन संहितांचे एकेक पान वर्गात वाचल्यावर बसऱ्याच्या सकाळचे वर्णन करावयास सांगितले, तर विद्यार्थ्याला मशीद दिसेल ती मनोऱ्याच्या बाह्याकृतीत नव्हे, तर माणसांच्या बोलण्यात. एकाच जागेत हिशेबी चर्चा, विनोद, वक्तृत्व, संशय आणि भक्ती एकत्र नांदू शकतात हे त्याला कळेल. याह्या अल-वासिती ह्याने १२३७ साली चितारलेली मकामांची सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातील एकोणचाळिसाव्या मकामेचे जहाज वर्गात दाखविल्यास त्यातील खलाशी आणि प्रवासी ह्यांच्या चेहऱ्यांतील भेद विद्यार्थ्यांनी स्वतःच हेरावा आणि हिंदी महासागराचा व्यापार नकाशावरून नव्हे, तर चित्रावरून वाचावा. 'साम्राज्य' ह्या शब्दामागे बंदर, प्रवास आणि बोलीभाषा असतात, ही गोष्ट येथे व्याख्यानाविना स्पष्ट होते.

५

दुसरे उदाहरण खानव्याच्या लढाईचे. येथे एकाच ग्रंथाच्या पोटात दोन आवाज आहेत. बाबराने आपले आत्मवृत्त चगताई तुर्कीत लिहिले. त्याचे गद्य थेट, मोजके, निरीक्षणावर भर देणारे आहे. पानिपतच्या लढाईचे (१५२६) निवेदन त्याने ह्याच भाषेत आणि ह्याच रीतीने केले आहे. परंतु १५२७ च्या खानव्याच्या विजयाचे वर्णन करण्याची वेळ येते तेव्हा तो स्वतःचे निवेदन बाजूला ठेवून शेख झैन ह्या मुनशीने रचलेला विजयपत्राचा मजकूर ग्रंथात घालतो. हा फतहनामा फारसीत आहे, अलंकारप्रचुर आहे, कुराणातील वचनांनी भरलेला आहे आणि युद्धाला धर्मयुद्धाचे रूप देणारा आहे. लढाईपूर्वी बाबराने केलेल्या मद्यत्यागाचे फर्मानही असेच फारसीत येते.

हे दोन उतारे लेखकाचे नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. ते एकाच व्यक्तीचे असतील काय, कोणाला उद्देशून असतील, कोणता मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी आणि कोणता स्वतःच्या वा पुत्रांच्या वाचनासाठी असेल, असे प्रश्न विचारावेत. त्यानंतरच दोन्ही एकाच ग्रंथात आहेत हे उघड करावे. तिसऱ्या पायरीवर फतहनाम्यातच आलेली शत्रुपक्षाची नावे पाहावीत. राणा संगाच्या बाजूने हसनखान मेवाती आणि सिकंदर लोदीचा पुत्र महमूद हेही उभे होते. म्हणजे जी संहिता युद्धाला दोन धर्मांमधील संघर्ष म्हणून घोषित करते, तिच्याच यादीत त्या घोषणेला छेद देणारी नावे आहेत.

ह्या उपक्रमातून बाबर निर्दोष ठरत नाही किंवा दोषीही ठरत नाही. धार्मिक भाषा ही खोटी होती असेही सिद्ध होत नाही. 'गाझी' ही पदवी बाबराने ह्याच विजयानंतर धारण केली. सिद्ध होते ते एवढेच, की साम्राज्याला वेगवेगळ्या श्रोत्यांसाठी वेगवेगळ्या भाषा आणि वाङ्मयप्रकार लागतात, आणि त्यांपैकी एकच उचलून त्याला संपूर्ण सत्य मानणे हा वाचनाचा दोष आहे. हा दोष बाबराचे गौरवीकरण करणारेही करतात आणि त्याचा धिक्कार करणारेही करतात.

ह्याला तिसरा आवाज जोडता येतो. बाबराची कन्या गुलबदन बेगम हिने अकबराच्या सांगण्यावरून 'हुमायूननामा' फारसीत लिहिला. पानिपतच्या विजयाचे तिचे निवेदन रणांगणापासून दूर, काबूलच्या स्त्रियांपर्यंत पोहोचलेल्या भेटवस्तूंच्या वाटपाभोवती फिरते. असस नावाच्या सेवकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून प्रचंड वजनाची अशर्फी गळ्यात अडकविल्याची थट्टा तिने नोंदविली आहे. लढाईचा अर्थ लुटीच्या, नात्याच्या आणि हसण्याच्या भाषेत उलगडणारी ही संहिता लष्करी इतिहासात तळटीपेपलीकडे क्वचितच जाते. तिचे एकमेव ज्ञात हस्तलिखित अर्धवट, वाक्याच्या मध्येच तुटते. हे तुटणेही वर्गात दाखविण्यासारखे आहे, कारण इतिहासाचे साधन किती नाजूक असते ते त्यातून कळते.

६

तुलनात्मक तक्त्यालाही भाषेचा प्रश्न विचारून पाहता येतो. तीन स्तंभांत 'दरबारी कवितेची भाषा' अशी एकच ओळ वाढविली की तक्ता डळमळू लागतो. इराणवर सफवी सत्ता स्थापन करणाऱ्या शाह इस्माईलने (राज्यकाल १५०१–१५२४) 'खताई' ह्या उपनामाने तुर्कीत कविता लिहिली. १५१४ साली चाल्दिरानच्या रणांगणावर त्याचा पराभव करणाऱ्या उस्मानी सुलतान पहिल्या सलीमचा दिवाण फारसीत आहे. इराणचा शहा तुर्कीत आणि तुर्कांचा सुलतान फारसीत! आधुनिक राष्ट्रवादाने भाषा आणि भूमी ह्यांची जी जोडी लावून दिली, ती येथे लागू पडत नाही. बाबराचा तुर्की ग्रंथ १५८९ साली अब्दुर्रहीम खानखानान ह्याने अकबरासाठी फारसीत नेला, ह्या घटनेची जोड दिली की मोगल स्तंभातही भाषांतराची रेघ उमटते.

शाह तहमास्पसाठी तयार झालेल्या 'शाहनामा'च्या प्रतीचा प्रवास ह्याच ओळीत मांडण्याजोगा आहे. २५८ चित्रांची ही प्रत १५६८ साली उस्मानी सुलतान दुसऱ्या सलीमला भेट म्हणून गेली. शिया-सुन्नी वैराचा रकाना भरलेल्या विद्यार्थ्याला ह्या भेटीचा अर्थ लावावा लागेल. प्राचीन इराणी राजांचे महाकाव्य दोन प्रतिस्पर्धी मुसलमान सत्तांमध्ये राजनयाची भाषा कशी बनते? विसाव्या शतकात ही प्रत एका अमेरिकी संग्राहकाच्या हाती पडून पानापानाने विकली गेली आणि तिचा उरलेला भाग १९९४ साली विलेम डी कूनिंग ह्यांच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परतला. एका ग्रंथाच्या प्रवासाचा नकाशा काढण्याचा उपक्रम साम्राज्यांच्या सीमांचा नकाशा काढण्यापेक्षा अधिक शिकवितो. सीमा साम्राज्यांना वेगळे करतात, ग्रंथ त्यांच्यामधील व्यवहार दाखवितो.

७

मराठीच्या वर्गासाठी, विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत जेथे भिन्न मातृभाषांचे विद्यार्थी मराठीचा अभ्यास करतात तेथे, ह्या विषयाचे दार सर्वांत जवळ आहे. शिवकालात सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' दहा वर्गांत तेराशेहून अधिक संज्ञांना संस्कृत पर्याय देतो. दख्खनी सुलतानशाह्यांच्या कारभारातून आलेल्या फारसी-अरबी शब्दांच्या जागी नवे शब्द बसविण्याचा हा प्रकल्प होता, आणि त्याला स्वराज्याच्या प्रतिष्ठेचा अर्थ होता. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव ही नावे देण्यामागे तीच दृष्टी होती.

येथे विद्यार्थ्यांना दोन गोष्टी शोधावयास सांगाव्यात : कोशाने सुचविलेले कोणते शब्द टिकले आणि त्याने बदलू पाहिलेले कोणते शब्द टिकले. सचिव हा शब्द आधुनिक शासनात परतला, परंतु पेशवा हे पद त्याच नावाने पुढील शतकावर आपला ठसा उमटवून गेले. वर्गातील हजेरी, दप्तर, कागद, शाई आणि फळ्यावरची तारीख हे शब्दही शोधाच्या यादीत असावेत. 'तारीख' हा शब्द तर अरबीत दिनांक आणि इतिहास अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. जो कोश एका भाषेपासून मुक्त होण्यासाठी रचला गेला, तोच त्या भाषेच्या सखोल ओळखीची साक्ष देतो, कारण ज्याला शब्द नीट कळला नाही, त्याला त्याचा पर्यायही देता येत नाही. संघर्ष आणि आत्मसात करणे ह्या दोन परस्परविरोधी क्रिया एकाच ग्रंथात कशा चालतात, हे ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे साधन मराठीत विरळा.

८

ह्या पद्धतीवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा, की साहित्यकृती हा इतिहासाचा पुरावा नव्हे. अबू झैद हे कल्पित पात्र आहे. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच उपयुक्त आहे. कल्पित पात्राला पुरावा मानू नये हे ज्याला समजते, त्याला विजयपत्रालाही कोरा पुरावा मानू नये हे समजू शकते. दुसरा आक्षेप भाषांतराचा. बाबरनाम्याच्या इंग्रजी भाषांतरात तुर्की आणि फारसी ह्यांमधील सीमा पुसट होते. अ‍ॅनेट बेव्हरिज आणि व्हीलर थॅकस्टन ह्यांची भाषांतरे शेजारी ठेवून शैलीतील फरक जाणवून देता येतो, परंतु तो मुळाची भरपाई करीत नाही. ही उणीव झाकण्यापेक्षा वर्गात उघड करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आणि सर्वांत वजनदार आहे : वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, परीक्षेत हे विचारले जात नाही, आणि भारतीय भाषांत अशा उताऱ्यांची संकलने सहज उपलब्ध नाहीत. पहिल्या तीन गोष्टींवर साहित्याच्या अभ्यासकाचा अधिकार चालत नाही, चौथीवर मात्र चालतो. मराठीत फारसी साधनांच्या भाषांतराची परंपरा आहे. सेतु माधवराव पगडी ह्यांचे कार्य त्या दृष्टीने पायाभूत आहे, आणि माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश १९२५ पासून हाताशी आहे. परंतु ही परंपरा बहुतांशी मराठ्यांच्या इतिहासाच्या गरजेतून वाढली. जाहिझ, हरीरी, गुलबदन ह्यांच्यासारख्यांची निवडक पाने वर्गातील वाचनासाठी, वाङ्मयप्रकाराची आणि श्रोतृवर्गाची ओळख देणाऱ्या टिपांसह मराठीत आणण्याचे काम तौलनिक साहित्याच्या आणि मराठीच्या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे.

उपक्रमाची खरी कसोटी अखेरीस एका साध्या गोष्टीत आहे. तास संपल्यावर वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याला, त्याचे नाव कोणतेही असो, एखाद्या मृत राजाचा वकील वा आरोपी म्हणून बाहेर पडावे लागू नये. त्याने वाचक म्हणून बाहेर पडावे. निवाडा त्याला पुढे आयुष्यात द्यावयाचाच आहे, आणि तो देण्याचा अधिकार त्याचा आहे. परंतु जो निवाडा फतहनामा, आत्मवृत्त आणि काबूलच्या बेगमांची थट्टा ह्या तिन्ही वाचून दिला जाईल, तो ऐकीव निवाड्याहून निश्चितच वेगळा असेल. वर्गाला एवढे साधता आले तरी ते थोडे नव्हे.